सोलापूरहून कलबुर्गी: शरणबसवेश्वर, बंदे नवाज आणि बुद्ध विहार एका दिवसात

गुलबर्गा म्हणा की कलबुर्गी, सोलापूरहून रेल्वेनं सुमारे ११३ किलोमीटर. सकाळची गाडी धरली तर दीड-दोन तासांत तिथं उतरता येतं आणि रात्रीचं जेवण घरी होतं. आपल्याकडचे लिंगायत भक्त शरणबसवेश्वरांच्या जत्रेला जातात, ज्यांनी सूफी संत ख्वाजा बंदे नवाजांना नवस बोललेला असतो ते उरुसाला जातात, बौद्ध कुटुंबं बुद्धपौर्णिमेला विहारात जातात. दर्ग्यात तर हिंदू नवसकरीही पिढ्यान्‌पिढ्या येत आले आहेत. तिन्ही ठिकाणं एका दिवसात नीट होतात. क्रम चुकला की मात्र एकही धड होत नाही.

क्रमाचं मुख्य कारण पायाखाली आहे. तिन्ही ठिकाणी अनवाणी चालायचं असतं. आपल्या घराघरांत जी शहाबादी फरशी असते, तिचं शहाबाद कलबुर्गीच्या पुढचंच, वाडीच्या अलीकडचं स्टेशन. हा सगळा पट्टा दगडाचा. फेब्रुवारी संपला की सकाळी अकरापासून उघड्या आवारातली फरशी चटका द्यायला लागते आणि तो चटका चार-साडेचारपर्यंत टिकतो. म्हणून उघड्यावरचं सकाळी आणि संध्याकाळी, सावलीतलं दुपारी, असा दिवस आखायचा.

दिवस कोणता निवडावा

वयस्कर माणसं किंवा लहान मुलं बरोबर असतील तर मंगळवार किंवा बुधवार बरा. सोमवारी शरणबसवेश्वरांकडे गर्दी असते, श्रावणातल्या सोमवारी तर जास्तच. गुरुवारी, म्हणजे जुमेरातीला, दर्ग्यात माणूस वाढतो आणि शुक्रवारी दुपारी नमाज असते. पण ज्याला दर्गा भरलेला बघायचा आहे, ऊद आणि गुलाबाच्या वासात उभं राहायचं आहे, त्यानं मुद्दाम गुरुवारीच जावं.

मोठे दिवस तीन. पहिला शरणबसवेश्वरांचा रथोत्सव, होळीनंतर पाचव्या दिवशी. आपल्याकडे रंगपंचमीला रंग खेळतात तेव्हा तिकडे रथ ओढतात. उत्तर कर्नाटकातल्या रथोत्सवात केळी आणि खारका रथावर उधळायची रीत आहे. खारीक उंचावरून डोक्यात बसली तर लागते आणि तुडवलेल्या केळ्यांवरून पाय घसरतो. डोक्याला जाड रुमाल गुंडाळा, मुलांना रथाच्या वाटेपासून लांब, भिंतीकडेला उभं करा.

दुसरा उरूस. तो चांद्र महिन्यावर चालतो, जिल्काद १५ ते १७. भिंतीवरच्या मराठी कॅलेंडरात मुसलमानी महिने बारीक अक्षरांत छापलेले असतात, तिथं ‘जिल्काद’ शोधायचा आणि १५ चंद्र मोजायचे. इंग्रजी तारखेत उरूस दरवर्षी १०-११ दिवस अलीकडे येतो. त्यामुळे ‘गेल्या वर्षी अमुक तारखेला होता’ या हिशोबानं जाणारे संदल, म्हणजे चंदन चढवायचा विधी, संपल्यावर पोचतात. उरुसाच्या दिवसांत शहरात मुक्कामाला खोली मिळणं अवघड असतं.

तिसरा बुद्धपौर्णिमा. १४ एप्रिललाही विहारात मोठी गर्दी असते. या दोन्ही दिवशी ऊन कडक असतं, तेव्हा पाणी घरून न्या.

तिकीट आणि गाडी

आरक्षण करताना स्टेशनचं नाव ‘कलबुर्गी’ असं शोधा. १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचं अधिकृत नाव तेच आहे, जुन्या ‘गुलबर्गा’ नावानं कधी कधी काहीच सापडत नाही. जनरल डब्यानं जाणार असाल तर एक नियम लक्षात ठेवा: २०० किलोमीटरच्या आतलं अनारक्षित तिकीट काढल्यापासून तीन तासांत प्रवास सुरू व्हावा लागतो. सकाळी निवांत मिळेल म्हणून रात्रीच तिकीट काढून ठेवणारे इथं फसतात. मुंबई-पुण्याहून येणाऱ्या गाड्या सोलापूरला येतानाच भरलेल्या असतात. आजी-आजोबा बरोबर असतील तर दोन तासांसाठीसुद्धा आरक्षण करावं.

वाटेत अक्कलकोट रोड लागतं, मग दुधनी, मग गाणगापूर रोड. नवी माणसं गाणगापूर रोडला लोंढा उतरताना बघून आपणही उतरतात. कलबुर्गी त्याच्या पुढे २५-३० किलोमीटरवर आहे.

बसनं अक्कलकोट, आळंदमार्गे जाता येतं. महाराष्ट्र एसटीतली महिलांची अर्धी सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच असते, पुढचं भाडं पूर्ण पडतं. कर्नाटकच्या बसमध्ये बायकांना मोफत प्रवास आहे, पण तो कर्नाटकातल्या रहिवाशांना, तिथला पत्ता असलेलं ओळखपत्र दाखवल्यावर. सोलापूरचं आधार कार्ड चालत नाही. तिकीट आधीच मागून घ्यावं. बसवरच्या पाट्या बहुतेक कन्नडमध्ये असतात, तेव्हा चढण्याआधी कंडक्टरला विचारलेलं बरं. मराठी पुष्कळांना समजतं, हिंदी आणि दखनी सगळीकडे चालते.

पिशवीत काय

माणशी एक लिटर पाणी. प्रत्येकाला जाड सुती मोज्यांचा एक जोड, हा सगळ्यात उपयोगी. कोणत्याही आवारात मोजे घालण्याआधी दारावर एकदा विचारा, बहुतेक ठिकाणी कुणी अडवत नाही. पुरुषांना मोठा हातरुमाल किंवा टोपी, बायकांना ओढणी किंवा डोक्यावरून घेता येईल असा पदर. अर्धी चड्डी, बिनबाह्यांचा कपडा नको. चपला काढायला सोप्या, पट्ट्या-लेस नसलेल्या. चपला ठेवायला वेगळी कापडी पिशवी. दहा-वीसच्या नोटा आणि सुटी नाणी. तीन छोट्या पिशव्या आणखी, प्रसाद वेगवेगळा ठेवायला. त्यांचं काम संध्याकाळी पडतं.

पहिलं ठिकाण: शरणबसवेश्वर

स्टेशनवरून रिक्षावाल्याला ‘शरणबसवेश्वर गुडी’ एवढंच सांगायचं. गुडी म्हणजे देऊळ. भाडं बसण्याआधी ठरवा, आणि ते माणशी आहे की पूर्ण रिक्षाचं हेही विचारा. सीटवर चालणाऱ्या रिक्षा असल्यामुळे घोटाळा नेहमी इथंच होतो.

देवळाशेजारी मोठं तळं आहे. सिद्धेश्वर तळ्याच्या सवयीचा सोलापूरकर तिथं गेला की त्याला दिशा सांगावी लागत नाही. नातंही जुनं आहे. आपले सिद्धरामेश्वर बाराव्या शतकात कल्याणच्या, म्हणजे आताच्या बसवकल्याणच्या, शरणांमध्ये (बसवण्णांच्या साथीदार संतांमध्ये) होते. शरणबसवेश्वर फार नंतरचे, अठराव्या-एकोणिसाव्या शतकातले, पण वाट तीच, कायक आणि दासोह. कष्ट करून मिळवायचं आणि मिळवलेलं दास होऊन वाढायचं. शेतात उतरलेल्या पाखरांना ते हाकलत नसत, उलट त्यांच्यासाठी पाणी भरून ठेवत, असं भक्त सांगतात.

आत गेल्यावर रीत साधी आहे. चपला बाहेर, पाय धुवायचे, डावीकडून प्रदक्षिणा सुरू करायची. गाभाऱ्यात समाधी आहे. तिथल्या मूर्तीला ‘जोडुमुख’ म्हणतात, कारण शरणबसवेश्वर आणि त्यांचे गुरू मरुळाराध्य असे दोन चेहरे एकत्र आहेत. घाईत येणाऱ्याला एकच चेहरा दिसतो आणि तो पुढे सरकतो. रांगेत असतानाच बाजूच्याला विचारून दुसरा कुठला ते समजून घ्या, कारण समोर पोचल्यावर थांबायला वेळ मिळत नाही. नारळ, कापूर, बेल, खडीसाखर बाहेर मिळतं. विभूती कपाळाला तीन बोटांनी आडवी लावायची. ओळखीच्या भक्ताला नमस्कार करायचा तर ‘शरणु शरणार्थी’ म्हणतात.

दासोहाच्या पंक्तीला बसलात तर एवढं पाळा: थोडं घ्या आणि पानात काही टाकू नका. वाढणारा वेगानं जातो आणि ‘बस्स’ म्हणेपर्यंत डाव रिकामा झालेला असतो. कन्नडमध्ये ‘स्वल्प’ म्हणजे थोडं, ‘साकु’ म्हणजे पुरे. पानावर आडवा हात धरून ‘साकु’ म्हटलं की वाढणारा लगेच थांबतो. जेवण झाल्यावर आपलं पान आपण उचलायचं. पैसे विचारत नाहीत. द्यायचे तर दानपेटीत, किंवा पावती देणाऱ्या खिडकीवर.

साडेआठला देवळात पोचलात तर दहापर्यंत मोकळे व्हाल.

दुसरं: ख्वाजा बंदे नवाज

दर्गा शहराच्या ईशान्य बाजूला. ख्वाजांचं नाव सय्यद मुहम्मद हुसैनी. लांब केसांमुळे ‘गेसूदराज’ आणि गोरगरिबांवरच्या मायेमुळे ‘बंदा नवाज’. जन्म दिल्लीचा, १३२१ सालचा. नसीरुद्दीन चिराग देहलवी हे त्यांचे गुरू. तैमूरच्या स्वारीच्या सुमारास दिल्ली सोडून दौलताबादमार्गे ते दख्खनेत आले आणि सुलतान फिरोजशहा बहमनीच्या काळात इथं राहिले. १४२२ साली, शंभरी ओलांडल्यावर, ते वारले. फिरोजशहाही त्याच वर्षी गेला. त्याची कबर दर्ग्यापासून जवळच ‘हफ्त गुंबज’ म्हणजे सात घुमटांच्या समूहात आहे. वेळ असेल तर दर्ग्यानंतर वीस मिनिटं तिथं थांबा.

दर्ग्याच्या रस्त्यावर दुतर्फा दुकानं आहेत. फुलं, गलेफ (मजारीवर, म्हणजे कबरीवर, चढवायची चादर), ऊद, अत्तर, शिरणी (प्रसादाचं गोड) सगळं मिळतं. गलेफ चढवायचाच असा नियम नाही. ओंजळभर गुलाब आणि पाव किलो शिरणी पुरते. दुकानदार ‘पूर्ण ताट’ पुढे करेल, तेव्हा काय हवं ते नेमकं सांगा आणि प्रत्येक वस्तूचा भाव वेगळा विचारा. चपला सांभाळायच्या बदल्यात दुकानातूनच खरेदी करावी लागते असा समज असतो. आपली कापडी पिशवी असली की तो प्रश्नच राहत नाही.

आत शिरण्याआधी डोकं झाका, पुरुषांनीसुद्धा. उंबऱ्यावर पाय द्यायचा नाही, तो ओलांडायचा. हा नियम आपल्या देवळातलाही आहे, तरी गर्दीत विसरतो. बायकांनी मजारीच्या घुमटाशी थांबून मुजावरांना, म्हणजे दर्ग्याच्या सेवेकऱ्यांना, आधी विचारावं आणि ते सांगतील तिथूनच दुआ मागावी. फुलं स्वतः मजारीवर टाकू नका, मुजावरांच्या हाती द्या. ते डोक्यावर मोरपिसांचा कुंचा फिरवतात किंवा हात ठेवतात, तेव्हा मान खाली करायची. दोन मिनिटं उभं राहून मनातलं बोला. नंतर मजारीकडे पाठ न करता, चार पावलं उलटं चालत मागे या. मागून येणारा आपटू नये म्हणून एक हात मागे ठेवून सावकाश.

आता जे करू नये ते. हळद-कुंकू मजारीला लावू नका, नारळ उंबऱ्यावर फोडू नका. नारळ आणलाच असेल तर मुजावरांना द्या. कापूर पेटवू नका, उदासाठी जागा ठरलेली असते. देवळातून येताना लावलेली विभूती पुसायची मात्र गरज नाही. कपाळावर भस्म असलेली आणि टिकली लावलेली माणसं इथं रोज येतात. पाया पडायची रीत ज्याची त्याची असते. फक्त गर्दीत साष्टांग घालू नका, वाट अडते.

आवारात कुणी ‘स्पेशल दुआ’साठी मोठी रक्कम मागितली तर हात जोडून ‘नको’ म्हणा आणि पुढे चला. द्यायचं ते पेटीत. शुक्रवारी गेलात तर साडेबाराच्या आत बाहेर पडा, नाहीतर नमाजेच्या गर्दीत वाट मिळेपर्यंत बराच वेळ जातो. रमजानमध्ये दिवसा दर्ग्याच्या आवारात आणि रस्त्यावर उघड्यानं खाणं-पिणं टाळा. लहान मुलांचा अपवाद समजून घेतात.

बाहेर तहारी मिळते, कलबुर्गीची खासियत, मसाल्यात शिजवलेला मटणाचा भात. शाकाहारी असाल तर बाजारात ज्वारीची भाकरी, भरली वांगी आणि शेंगाचटणी मिळते, चव घरच्यासारखीच. मांसाहार करायचा असेल तर देऊळ आधी आणि दर्गा नंतर या क्रमामुळे तीही अडचण मिटते. विहारात जाताना तहारीनंतर हात-तोंड स्वच्छ धुऊन जा, एवढंच.

दुपार: किल्ल्यातली जामा मशीद

कडक उन्हाची वेळ इथं काढायची. मशिदींना सहसा मधे उघडं अंगण असतं, या मशिदीला ते नाहीच. सगळी जागा घुमटांच्या छपराखाली आहे. १३६७ साली बांधलेली, म्हणजे कलबुर्गी बहमनींची राजधानी होऊन २० वर्षं झाली तेव्हाची. आत एका कोपऱ्यात उभं राहून कमानींच्या ओळीतून तिरकं बघा, कमानीमागे कमान लहान होत जाताना दिसते. दुपारी दीडलाही आत गारवा असतो. किल्ल्याच्या दारापासून मशिदीपर्यंत मात्र उन्हातून चालावं लागतं, तेव्हा डोक्यावर रुमाल ठेवा. बुरुजांवर चढायचं काम दुपारी करू नका.

तिसरं: बुद्ध विहार

विहार शहराबाहेर, सेडम रस्त्याला, विद्यापीठाच्या अंगाला. रिक्षावाल्याला ‘बुद्ध विहार, युनिव्हर्सिटी’ सांगा. जाण्या-येण्याचं मिळून भाडं ठरवा आणि तासभर थांबायला लावा. जाताना रिक्षा सहज मिळते, संध्याकाळी तिथून परतीची मिळत नाही, आणि गाडी चुकते ती याच कारणानं. चारच्या सुमारास पोचा. फरशी निवू लागलेली असते आणि पांढऱ्या घुमटावर उतरतं ऊन असतं.

जानेवारी २००९ मध्ये हा विहार खुला झाला. सांची, सारनाथ, अजिंठा आणि नागपूरची दीक्षाभूमी, या सगळ्यांच्या खुणा त्याच्या बांधणीत आहेत. स्तूपाला प्रदक्षिणा उजव्या हाताला स्तूप ठेवून करायची. वर बुद्धमूर्ती, खाली तळघरात ध्यानाची जागा. गुडघे दुखणाऱ्यांनी वरच बसावं, पायऱ्या उतरायचा हट्ट करू नये.

देवळाची आणि दर्ग्याची सवय घेऊन आलेल्या माणसाला इथं काय करावं कळत नाही, कारण पुजारी नाही, मुजावर नाही, प्रसाद नाही. नवस बोलायची ही जागा नव्हे. पांढरी फुलं, मेणबत्ती, अगरबत्ती आणली असेल तर ठरलेल्या जागी ठेवा. नारळ, गुलाल, पेढे आणू नका. पंचांग प्रणाम म्हणजे दोन्ही गुडघे, दोन्ही तळहात आणि कपाळ जमिनीला, तीन वेळा. येत नसेल तर हात जोडून उभं राहिलं तरी चालतं. ओळखीच्यांना ‘जय भीम’ किंवा ‘नमो बुद्धाय’. त्रिशरण-पंचशील सुरू असेल तर मधूनच आत जाऊ नका, संपेपर्यंत दाराशी थांबा.

मग बसायचं. पाठ सरळ, मांडीवर हात, मोबाइल बंद. घुमटाखाली कुजबुजसुद्धा घुमते, मुलांना आधी सांगून ठेवा. पंधरा मिनिटं तरी बसा. सकाळपासून धावलेल्या माणसाला पहिली पाच मिनिटं फक्त पाय ठणकताना जाणवतात. त्या पाच मिनिटांत उठून जाणारेच पुष्कळ असतात, आणि ते विहार न बघताच परत येतात असं आमचं स्पष्ट मत आहे. फोटो हवे असतील तर बाहेरून घ्या, आतले विचारल्याशिवाय नको.

मुक्काम वाढवायचा असेल तर

गाणगापूर याच दिवसात कोंबू नका. देऊळ गाणगापूर रोड स्टेशनपासून २० किलोमीटरच्या पुढे आहे, आणि तिथली माधुकरी दुपारची असते. किमान पाच घरी झोळी पुढे करायची तर दुपारी तिथंच असायला हवं. भीमा-अमरजेच्या संगमावर सकाळचं स्नान, दुपारी माधुकरी आणि निर्गुण पादुकांचं दर्शन, रात्री मुक्काम, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी रस्त्यानं कलबुर्गी, असा दोन दिवसांचा बेत ठेवा.

ज्यांची कुलदेवता सन्नतीची चंद्रलांबा आहे त्यांनी तिसरा दिवस काढावा. सन्नती भीमेकाठी, रेल्वेनं जवळचं स्टेशन नालवार. तिथल्या देवळाच्या आवारात कालीच्या मूर्तीखालच्या दगडावर अशोकाचा लेख सापडला. जवळच कनगनहळ्ळीला बौद्ध स्तूप आहे, तिथल्या एका शिल्पावर ‘रायो असोको’, म्हणजे राजा अशोक, असं नाव कोरलेलं आहे. कुळाचार करायला आलेली मराठी कुटुंबं ओटी भरून परत फिरतात. स्तूप न बघता फिरू नये. तिकडे सावली आणि खानावळ कमी, पाणी दुप्पट न्या.

परतताना

विहारातून साडेपाचला निघा. शहरात शिरताना वाहतूक असते, स्टेशनवर गाडीच्या अर्धा तास आधी पोचायचा हिशोब ठेवा.

गाडीत बसल्यावर त्या तीन पिशव्या काढा. विभूती कागदाच्या पुडीत, कोरडी. दर्ग्याची फुलं वेगळ्या कापडी पिशवीत, प्लास्टिकमध्ये बांधली तर सोलापूर येईपर्यंत कुजतात. शिरणी आणि खडीसाखर तिसऱ्या पिशवीत, उद-अत्तरापासून लांब, नाहीतर खडीसाखरेला अत्तराचा वास लागतो आणि मुलं खात नाहीत. चपलांची पिशवी यांच्याजवळ ठेवू नका. वाळलेली फुलं खिडकीतून टाकायची नाहीत. घरी आणून कुंडीतल्या मातीत मिसळा. विहारातून कुणी बोधीचं पान आणलं असेल तर ते जाड वहीत दाबून ठेवा, आठवड्याभरात सपाट वाळतं.